माळरानावरचा शेरा

१९३६ साली हॅरी चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने भारत आणि ब्रह्मदेशातल्या जंगलांची वर्गवारी प्रसिद्ध केली. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत राहून, ठिकठिकाणच्या नोंदी जुळवत केलेलं हे काम. शीर्षकातच त्यांनी त्याला ‘प्राथमिक’ म्हटलं होतं. १९६८ मध्ये एस. के. सेठ यांना बरोबर घेऊन त्यांनी ती वर्गवारी सुधारली, जंगलांचे सोळा मोठे गट पाडले. वनखात्याच्या कार्य आयोजना आणि वनप्रकारांचे नकाशे आजही त्याच वर्गवारीवर चालतात. जंगलांना तिने ओळख मिळवून दिली, हे ऋण मोठं आहे. माळरानांच्या वाट्याला तिच्यामुळे काय आलं, त्याचा हिशेब मात्र कितीतरी उशिरा मांडला जाऊ लागला.

या वर्गवारीत आधी हवामान पाहतात, म्हणजे पाऊस किती, कोरडे महिने किती, थंडी कशी. मग जमीन आणि प्रमुख झाडं. प्रत्येक प्रकाराला एक संकेत मिळतो. महाबळेश्वरचं जंगल ८ए/सी२, तर पठारावरचं कोरडं मिश्र पानगळीचं जंगल ५ए/सी३. यातला ‘सी’ सांगतो की हा समुदाय हवामानाने ठरवलेला, म्हणजे पूर्णत्वाला पोचलेला आहे. ‘ई’ आला तर तो जमिनीच्या गुणाने घडलेला. आणि ‘डीएस’ आला तर ती ऱ्हासाची पायरी, मूळ जंगल तोडून, जाळून, चारून उरलेलं काहीतरी. कोरड्या गवताळ प्रदेशाला संकेत मिळाला ५/डीएस४. मराठवाड्यापासून माण-खटावपर्यंतचे आपले माळ असे एका शेऱ्यानिशी ऱ्हासाच्या रकान्यात गेले.

यामागे त्या काळचा एक भारदस्त विचार होता. अमेरिकी शास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये मांडलं की कोणत्याही भूमीवरची वनस्पती टप्प्याटप्प्याने बदलत जाते आणि हवामानाला साजेशा एका अंतिम अवस्थेला पोचते. वनाधिकाऱ्यांना हे पटणं साहजिकच होतं. जिथे झाडं वाढण्याइतका पाऊस आहे तिथे जंगलच असणार, आणि नसेल तर कोणीतरी ते नाहीसं केलं असणार. हेन्री ग्लीसन यांनी १९२६ मध्येच याला विरोध केला होता. प्रत्येक प्रजाती आपापल्या गरजेनुसार जागा धरते, समुदाय म्हणजे एक जीव नव्हे, असं त्यांचं म्हणणं. पण त्याकडे पुढची कित्येक वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

याच सुमारास मुंबईत एक वेगळा धागा सुरू झाला, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. फरिदुनजी भरुचा फ्रान्समध्ये माँपेलिएला जाऊन जोसियास ब्रॉन-ब्लांके यांच्या हाताखाली शिकले. १९३३ चा त्यांचा प्रबंध तिथल्या कोरड्या, झुडुपी टेकड्यांवरच्या एका गवताच्या समुदायावर आहे. ब्रॉन-ब्लांके यांची पद्धत सोपी होती आणि कष्टाचीही. जमिनीचा एकसारखा तुकडा निवडायचा, त्यातली एकूण एक वनस्पती नोंदवायची आणि तिने किती जमीन व्यापली त्याला अंक द्यायचा. तीन-चतुर्थांशाहून जास्त जागा व्यापली तर ५, पाच टक्क्यांपर्यंत १, तुरळक असली तर नुसतं अधिकचं चिन्ह. असे पुष्कळ तुकडे जमले की कोणत्या वनस्पती एकमेकींच्या सोबतीने येतात ते कळतं. इथे काय असायला हवं होतं, हा प्रश्न या पद्धतीत नाहीच. इथे काय आहे, एवढंच ती विचारते.

भरुचा मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. १९४१ मध्ये माथेरान-महाबळेश्वरच्या वनस्पतींवर त्यांचा एक सहलिखित निबंध आला, आणि १९५८ मध्ये के. ए. शंकरनारायण यांच्याबरोबर पश्चिम घाटातल्या गवताळ प्रदेशांवरचा दीर्घ अभ्यास. जंगलाला सोडून घाटातल्या गवतासाठी एवढा वेळ देणं त्या काळी धाडसाचं होतं. पुढे पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने केलेल्या वनस्पतींच्या नकाशांतही प्रमुख प्रजातींवरून समुदायाला नाव देण्याची रीत दिसते. महाबळेश्वरच्या जंगलाला अभ्यासक अंजनी-जांभूळ-पिसा असंही म्हणतात. ८ए/सी२ हा संकेत पाठ करावा लागतो. हे नाव वाचलं की बुटकी, वाऱ्याने वाकलेली, शेवाळ्याने भरलेली झाडं डोळ्यांपुढे येतात.

हेच शंकरनारायण १९७३ मध्ये पी. एम. दबडघाव यांच्याबरोबर देशभरच्या गवतांवरच्या ग्रंथाचे सहलेखक म्हणून दिसतात. दोघांनी भारताचं गवत पाच प्रकारांत बसवलं. नावं प्रमुख गवतांवरून दिली, अपवाद फक्त थंड, उंच डोंगरांवरच्या गवताचा. आपल्याकडच्या माळांचा प्रकार सेहिमा-डायकँथियम. द्वीपकल्पाच्या पठारापासून अरवलीपर्यंत त्याचं संभाव्य क्षेत्र त्यांनी सुमारे १७ लाख ४० हजार चौरस किलोमीटर धरलं. 

सेहिमा म्हणजे आपला शेडा, पवन्या. डायकँथियम म्हणजे मारवेल. पावसाळ्याच्या अखेरीस माळावर गुडघे टेकून बसलं तर या जोडनावाचा अर्थ लागतो. उतारावर, जिथे मुरूम वर आलेला असतो, तिथे शेड्याचे झुबके उभे असतात. त्याची कणसं एका बाजूला कललेली, फिकी, लांब कुसळांची. खाली सपाटीला काळी माती साचली की मारवेल सुरू होतो. त्याचं पेर बोटांत धरून पाहावं, भोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं. दोन गवतांमधली ही सरहद्द कधी कधी दहा पावलांत ओलांडता येते. आणि जिथे चराई फार झाली तिथे शेडा मागे हटतो, कुसळी पुढे येते. तिचं बी पिळदार कुसळाने ओलाव्यात फिरत फिरत मातीत शिरतं. त्याहून अधिक चरलं की उरतात ती वर्षायू, खुरटी गवतं. म्हणजे माळालाही आपली चांगली आणि वाईट अवस्था असते. पवन्याचा माळ आणि कुसळीचा माळ हा भेद गुरं राखणारे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. ऱ्हास मोजायचाच तर तो या मापाने मोजावा, झाडं नाहीत म्हणून नव्हे.

गवताळ प्रदेश हा जंगलाच्या वाटेवरचा टप्पा, हा समज दबडघाव-शंकरनारायण यांच्या ग्रंथातूनही गेला नाही. त्यामुळे ऱ्हासाचा शेरा तसाच राहिला आणि त्यानुसार कामं झाली. पडीक म्हणून नोंदलेल्या माळांवर चर खणले गेले, ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी लावली गेली. चर खणताना बहुवर्षायू गवताचे जुने गड्डे उपटले जातात आणि सावली पडली की उन्हात वाढणारी गवतं मरतात. हे काम करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे खरं. पण माळढोक, तणमोर, लांडगा, चिंकारा यांचं घर त्यात मोडत गेलं आणि धनगरांची चराईही आक्रसली.

गेल्या पंधरा वर्षांत चित्र पालटू लागलं आहे. २०११ मध्ये जयश्री रत्नम आणि सहकाऱ्यांनी असं मांडलं की सलग गवत आणि विरळ झाडं असलेल्या कित्येक जागांना आपण चुकून जंगल म्हणतो. त्या सवाना आहेत. भारतीय उपखंडात उष्ण प्रदेशातली गवतं सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वीच पसरू लागली होती, तेव्हा कुऱ्हाड चालवायला माणूस नव्हता. आशीष नेर्लेकर यांनी २०२० मध्ये जोसेफ वेल्डमन यांच्याबरोबर जगभरच्या नोंदी एकत्र करून दाखवलं की एकदा मोडलेला जुना गवताळ प्रदेश पूर्ववत व्हायला निदान शंभर वर्षं लागतात. त्यानंतर, २०२५ मध्ये, नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातले आणि लोकगीतांतले उल्लेख तपासले. त्यांत आलेल्या रानवनस्पतींपैकी निम्म्याहून अधिक उघड्या, काटेरी माळांच्या निघाल्या. आपल्या ओव्या आणि कथा इतकी शतकं ज्या देशाचं वर्णन करत होत्या, तो देश झाडीने भरलेला नव्हता.

आता गरज आहे ती भरुचांच्या पद्धतीकडे परतण्याची. ज्या माळांवर पुढच्या कार्य आयोजनेत खड्डे घ्यायचे ठरेल, तिथे आधी चौकटी आखून गवतं नोंदवावीत, आणि शेडा-मारवेल अजून टिकून असेल तर कुदळ तिथे लावू नये. हे काम ऑक्टोबरात, गवत फुलोऱ्यावर असताना उरकावं लागतं. एकदा कापणी झाली की नुसत्या बुंध्यांवरून शेडा कुठला आणि कुसळी कुठली, हे सांगणं फार कठीण.