विश्लेषण : कूळ, भावकी, सगेसोयरे… दाखल्याच्या कागदावर ‘आपले’ कोण?

कुणबी नोंद शोधायला जुन्या महसुली दप्तरात शिरलेल्या माणसाला पहिला चकवा देतो तो ‘कूळ’ हा शब्द. कूळ नोंदवहीत पणजोबांचे नाव सापडले म्हणून हरखून जावे, तर तिथे कूळ म्हणजे घराणे नसते. दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस असतो. १९४८ च्या कूळ कायद्यातले कूळ ते हेच. कुलदैवत, कुळाचार यांतले कूळ वेगळे. अर्थात, नोंदवही बाजूला ठेवण्याचे कारण नाही. त्या नावापुढे जात लिहिलेली असेल, तर तोही पुरावाच.

घरात हे शब्द कसे वापरले जातात?

वंश म्हणजे मूळ पुरुषापासून खाली उतरत आलेली ओळ. ती कागदावर मांडली की वंशावळ. मुस्लीम घरांत तिलाच शजरा म्हणतात. भावकी मात्र आडवी पसरते. एकाच पूर्वजाची, बहुधा एकाच आडनावाची ही घरे. भावकीत कोण कोण, हे गावाला कागद न पाहताही कळते : कोणी मेले की दहा दिवसांचे सुतक कोण पाळतो ते पाहायचे. लग्न होऊन गेलेली लेक त्यातून बाहेर पडते. आईवडिलांचेही सुतक तिला रूढीने तीनच दिवस. देवकाचा हिशेब आणखी निराळा. एकाच देवकाच्या घरांत सोयरीक होत नाही, कारण ती माणसे मुळात एकाच कुळातली मानतात. ब्राह्मण घरांत हे काम गोत्र करते.

मग ‘सगेसोयरे’वरून वाद का?

सगे म्हणजे रक्ताचे, सोयरे म्हणजे लग्नातून जोडलेले. बोलताना दोन्ही एका दमात येतात आणि कोणाचे काही बिघडत नाही. जानेवारी २०२४ मध्ये मनोज जरांगे पाटील यांचे मराठा आरक्षण आंदोलन नवी मुंबईत वाशीपर्यंत पोहोचले, तेव्हा मात्र सगळे याच जोडशब्दावर येऊन थांबले. २६ जानेवारीच्या मसुद्यात राज्य सरकारने त्याची व्याख्या केली. वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत जातीतल्या जातीत झालेल्या लग्नांतून जे नातेवाईक झाले, ते सगेसोयरे.

समर्थकांचा मुद्दा सरळ होता : लग्ने जातीतच झाली, तर सोयऱ्याची जात वेगळी कशी असेल? ओबीसी संघटनांचा आक्षेपही तितकाच सरळ. जात वडिलांकडून येते. सोयऱ्याच्या नोंदीवर दाखले दिले तर ती साखळी कुठेच संपणार नाही. हरकती आल्या आणि पुढचे दीड वर्ष मसुदा मसुदाच राहिला. २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटसंबंधीच्या शासन निर्णयात आधार घेतला गेला तो गावातल्या किंवा कुळातल्या नातेवाइकांचा. इथले कूळ मात्र घराण्याचे.

जुनी नोंद कशी वाचायची?

न्या. संदीप शिंदे समितीने २०२३ पासून तपासायला घेतलेल्या कागदांत कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही, खासरा पत्रक होते. तुरुंगातल्या नोंदी आणि ताडी नोंदवहीसुद्धा होती. पूर्वज कुठल्या वहीत भेटेल याचा भरवसा नाही! इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख महत्त्वाची, म्हणून त्याआधीच्या कागदाला वजन.

खरी अडचण पुढे येते. जुन्या नोंदींत अनेकदा आडनावच नसते. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. कुणबी हा शब्दही ‘कु.’ असा आखडून लिहिलेला. त्यातून पश्चिम महाराष्ट्रात लिपी मोडी, मराठवाड्यातले निजामकालीन कागद उर्दूत. नोंद सापडली तरी तो राणोजी आपलाच, हे पिढी दर पिढी जोडून दाखवावे लागते. कोल्हापूर-सांगली भागात हेळवी घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या वह्यांत लिहीत आले. कुणबी नोंदींच्या शोधात त्या वह्याही उघडल्या गेल्या.

आईकडचे नाते मोजले जाते का?

जात पडताळणीत वंशावळ वडिलांच्या बाजूने वर चढते. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कोणाचे वैधता प्रमाणपत्र असेल, तर काम बरेच सोपे होते. मामाच्या किंवा मावशीच्या प्रमाणपत्राने तसे होत नाही. आंतरजातीय लग्नातल्या मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात थोडी वाट मोकळी केली. मुलाची जात वडिलांचीच असे गृहीत धरले जाईल, पण ते अंतिम नाही. आईच्या समाजात वाढल्याचे, त्या समाजाचे भोग वाट्याला आल्याचे पुरावे मुलाला देता येतात. म्हणजे आजोळी वाढलेल्या मुलाने शाळेचे दाखले, रहिवासाचे पुरावे लहानपणापासूनचे जपून ठेवलेले बरे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांवर आईचे नाव वडिलांच्या आधी येते. त्या नियमाने जात ठरवण्याची पद्धत बदललेली नाही.