गाडीवरची जाळी घालवायला पहिलं पॉलिशिंग मशीन घेताय? आधी ते फिरतं कसं ते बघा

दिवाळीच्या आसपास भंडारा जिल्ह्यात धान कापणीला येतं. थ्रेशर सुरू होतात, राईस मिलच्या भट्ट्या पेटतात आणि तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत हवेत बारीक भुसा तरंगायला लागतो. रात्री अंगणात उभ्या केलेल्या गाडीवर सकाळी त्याचा थर असतो. मग डिकीतला पिवळा फडका निघतो, कोरड्या बॉनेटवर चार हात फिरतात आणि गाडी दोन मिनिटांत चकाचक होते.

गडबड इथेच होते. धानाचं तूस जाळलं की त्याच्या वजनाच्या जवळपास पाचवा भाग राख उरते आणि त्या राखेत बहुतांश सिलिका असते. सिलिका म्हणजे वाळूत आणि काचेत असतं तेच. त्यात राष्ट्रीय महामार्ग ५३ वरची धूळ आणि वाळूच्या ट्रकमागून येणारे कण मिसळतात. कोरडा फडका फिरवणं म्हणजे हे सगळं रंगावर घासणं. दोन-तीन वर्षं असं चाललं की काळी, गडद निळी किंवा मरून गाडी उन्हात उभी केल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसायला लागतात. डेंटिंग-पेंटिंगवाले याला जाळी म्हणतात, इंटरनेटवर शोधलं तर स्वर्ल मार्क्स.

जाळी पाहिली की दोन रस्ते सुचतात. एक, गाडी गॅरेजवर नेऊन रबिंग-पॉलिश मारून घ्यायचं. दुसरा, यूट्यूबवर चार व्हिडिओ बघून मशीन ऑनलाइन मागवायचं. दुसरा रस्ता वाईट नाही. फक्त सर्चमध्ये सगळ्यात वर आणि सगळ्यात स्वस्त जे मशीन दिसतं, तेच बऱ्याचदा नवशिक्याच्या हातात सगळ्यात धोकादायक असतं. कारण समजायला आधी रंग समजून घ्यावा लागेल.

पत्र्यावर आधी प्रायमर असतो, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. कंपनीतून निघालेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोटचा वाटा साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. डोक्याचा एक केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक केसापेक्षाही बारीक थरावर उभी आहे.

पॉलिश करणं म्हणजे या थरावर काहीतरी लावणं नव्हे. पॉलिश म्हणजे तो थर अगदी किंचित घासून कमी करणं, ओरखड्याच्या तळापर्यंत पृष्ठभाग सपाट होईल इतका. भंडाऱ्याला पितळ नगरी म्हणतात, त्यामुळे हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. लग्नात आलेलं नाव घातलेलं पितळी ताट वर्षानुवर्षं चिंच आणि राखेनं घासलं की नावाची अक्षरं पुसट होत जातात. चमक येते ती धातू झिजूनच. फरक इतकाच की एक मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्यात १००० मायक्रॉन असतात. गाडीकडे खर्च करायला आहेत पन्नासपेक्षाही कमी.

एकदा कंपाउंड आणि मशीन फिरवलं की, किती जोर लावला त्यावर, एक ते पाच मायक्रॉन जातात. हिशोब जपून केला तर गाडीच्या आयुष्यात हे काम काही वेळा करता येतं. हिशोब चुकला तर एका मिनिटात क्लिअर कोट फाटतो आणि खालचा रंग किंवा प्रायमर उघडा पडतो. त्यानंतर उपाय एकच, ते पॅनेल पुन्हा रंगवणं. रंगकामाचे काही हजार जातातच, शिवाय गाडी विकताना गिऱ्हाईक बॉनेटवर बोट ठेवून विचारतं, "हे कुठं ठोकलं होतं?" ठोकलेलं नसलं तरी भाव पडतो.

तीन मशीन, तीन स्वभाव

बाजारात पॉलिशर या एकाच नावाखाली वेगवेगळी यंत्रं विकली जातात.

पहिलं रोटरी. यात चकती एकाच अक्षावर गोल फिरते, साधारण ६०० ते ३००० आरपीएमनं. सात इंची चकती, मोठी मोटर, बाजूला हँडल. ऑनलाइन साधारण अडीच ते पाच हजारांत मिळतं आणि फोटोत भारी दिसतं. वर्षानुवर्षं हेच काम करणारा पेंटर यानं खोल ओरखडे झटपट काढतो. पण रोटरी कशासाठी थांबत नाही. तुम्ही दाबलं तरी ते फिरतच राहतं, सगळी उष्णता एकाच जागी साठते आणि रंग जळतो. थोडं तिरकं धरलं की नवीन वर्तुळाकार खुणा उमटतात. जाळी घालवायला गेलेला माणूस दुसरी जाळी घेऊन परत येतो.

दुसरं ड्युअल अ‍ॅक्शन, थोडक्यात डीए. यातली चकती मध्यापासून जराशी बाजूला सरकवून बेअरिंगवर बसवलेली असते. त्यामुळे ती स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी एका छोट्या वर्तुळातही फिरते, जात्याच्या खुंट्याला धरून कुणी भोवरा फिरवावा तशी. एकाच जागी सतत घर्षण होत नाही, उष्णता पसरते. शिवाय साध्या डीएमध्ये चकतीला मोटरचा थेट गिअर नसतो. जास्त दाबलं, तिरकं धरलं किंवा कडेवर अडकलं की तिचं गोल फिरणं थांबतं आणि फक्त थरथर उरते. अनुभवी लोक याला मशीनची कमजोरी म्हणतात. नवशिक्यासाठी हाच त्याचा ब्रेक आहे.

तिसरं म्हणजे दहा इंची, दोन्ही हातांनी धरायचं, वर कापडी टोपी घालायचं स्वस्त मशीन. दिसायला सुरक्षित आणि असतंही तसंच, पण ते फक्त वॅक्स पसरवतं. जाळी त्यानं जात नाही. पैसे गेल्याचं दुःख तेवढं होतं.

यात दोन जुगाडही येतात. ड्रिल मशीनला पॅड लावणं आणि फॅब्रिकेशनवाल्याच्या चार इंची ग्राइंडरला पॅड लावणं. ड्रिलवर हेडलाइटसारख्या छोट्या जागेचं काम कसंबसं होतं, पण ते सपाट धरणं अवघड आणि मुळात तेही रोटरीच. ग्राइंडर मात्र गाडीजवळ आणूच नका. तो ११,००० आरपीएमच्या आसपास फिरतो, लोखंड कापायला बनवलेला असतो आणि क्लिअर कोट त्याच्यापुढे टिकत नाही. सुताराचा गोल सँडर डीएसारखा दिसतो, पण त्याची चकती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर सरकते. लाकडाला ते ठीक, पॉलिशला कामाचं नाही.

म्हणजे नवशिक्यानं पहिलं मशीन घ्यायचं ते डीए. यावर फार वाद घालण्यासारखं काही नाही.

जाहिरातीतल्या कोणत्या आकड्याकडे बघायचं

विक्रेते वॅट मोठ्या अक्षरात लिहितात, कारण आकडा मोठा दिसतो. तुम्ही आधी थ्रो शोधा. चकती त्या छोट्या वर्तुळात किती सरकते, तो हा आकडा, मिलिमीटरमध्ये. नवशिक्यासाठी ८ ते १५ मिलिमीटर पुरेसा आहे. २१ मिलिमीटरचं मशीन सपाट बॉनेटवर काम पटकन उरकतं, पण वळणावर आणि दरवाजाच्या चिंचोळ्या भागात अडखळतं. थ्रो कुठंच लिहिलेला नसेल, वेग फक्त आरपीएममध्ये असेल आणि चकती सात इंची असेल, तर वर ड्युअल अ‍ॅक्शन लिहिलेलं असलं तरी ते रोटरी असण्याचीच शक्यता जास्त. नावात पॉलिशर आणि ग्राइंडर दोन्ही शब्द असतील तर पुढं स्क्रोल करा.

त्यानंतर चकती. पाच इंची घ्या, त्यावर साडेपाच-सहा इंची पॅड बसतो आणि पॅड सहज मिळतात. वेगळ्याच मापाची चकती असेल तर पॅडसाठी त्याच विक्रेत्याच्या दारात उभं राहावं लागतं. वेग कमी-जास्त करायची चकरी हवीच. वॅट ६०० ते ९०० असले की झालं. वजन अडीच किलोच्या आसपास ठीक. ऐकायला कमी वाटतं, पण तासाभरानं दरवाजाच्या खालच्या भागावर मशीन आडवं धरून वाकून काम करताना प्रत्येक शंभर ग्रॅम कळतो.

इटलीच्या रुपेससारख्या कंपन्यांची मशीन नावाजलेली आहेत, पण किंमत हजारांत नाही, दहा हजारांच्या पटीत जाते. रोज गाड्या करणाऱ्या स्टुडिओला ती परवडतात. घरच्या एका गाडीसाठी साधारण सहा ते दहा हजारांतलं डीए चालतं. घेताना एक गोष्ट मात्र विचारा: कार्बन ब्रश आणि चकती सुटी मिळते का? वॉरंटी कार्डापेक्षा याचं उत्तर जास्त उपयोगी पडतं. भंडारा किंवा साकोलीत बसून सर्व्हिस सेंटर शोधण्यापेक्षा ब्रश घरी बदलता आलेला बरा.

मशीनपेक्षा सोबतचा खर्च

मशीन सात हजारांचं घेतलं म्हणून खर्च सात हजारांवर थांबत नाही. कंपाउंड लागतं, नंतर बारीक पॉलिश लागतं, मास्किंग टेप लागतो, मायक्रोफायबर कापडं लागतात. आणि पॅड लागतात, एक नाही, एकाच प्रकारचे किमान तीन-चार. अर्ध्या गाडीतच पॅड कंपाउंड आणि घासून निघालेल्या रंगाच्या चिखलानं भरतो आणि नीट काम करेनासा होतो. मशीनसोबत फुकट येणारे सहा रंगीत स्पंज पहिल्याच पॅनेलला वेल्क्रोपासून सुटू शकतात. हे सगळं धरून बजेटमध्ये आणखी तीन-चार हजार ठेवा. उलट सांगायचं तर, एकूण दहा हजार असतील तर सहाचं मशीन आणि चारचे पॅड-कंपाउंड ही वाटणी नऊचं मशीन आणि एकचा स्पंज यापेक्षा चांगली चमक देते.

मग प्रश्न उरतोच: घ्यावं का? घरी एकच गाडी, तीही पांढरी, तर बहुधा नको. पांढऱ्या रंगावर जाळी असते पण दिसत नाही. नीट धुवून हातानं वॅक्स लावलं तरी भागतं. गडद गाडी असेल पण दोन वर्षांतून एकदाच पॉलिश करणार असाल, तर ६०-६५ किलोमीटरवरच्या नागपुरातल्या डिटेलिंगवाल्याचं बिल आणि या दहा हजारांचा हिशोब शेजारी शेजारी मांडा. तीन मित्रांनी किंवा भावाभावांनी मिळून घेतलं तर मशीन पहिल्याच वर्षी वसूल होतं. स्वतःचं वॉशिंग सेंटर टाकायचा विचार करणाऱ्यानं तर सुरुवात डीएनंच करावी. गिऱ्हाईकाचा रंग जाळून धंदा शिकणं परवडत नाही.

पहिला दिवस

आधी नख लावून बघा. ओरखड्यावरून नख फिरवताना अडकत असेल तर तो पॉलिशनं जाणार नाही, त्याच्या मागे लागू नका. गाडी शाम्पूनं धुवून पूर्ण वाळवा. बोअरचं पाणी रंगावरच वाळू दिलं तर क्षारांचे पांढरे डाग बसतात, म्हणून कापडानं टिपून घ्या. कडा, बॉडी लाइन, रबर आणि काळं प्लास्टिक यांवर टेप लावा. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि मशीन सगळ्यात आधी तिथेच खातं.

सगळी गाडी एकदम करायला घेऊ नका. बॉनेटवर दोन फूट बाय दोन फूट चौकोन पकडा. पॅडवर कंपाउंडचे वाटाण्याएवढे चार-पाच थेंब पुरतात. मशीन रंगावर टेकवून मगच सुरू करा, नाहीतर थेंब भिंतीवर आणि तोंडावर. मधल्या वेगावर आधी आडवे, मग उभे, असे चार ते सहा फेरे सावकाश मारा. चकतीच्या कडेवर मार्करनं एक काळी रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसली तर हात बरोबर आहे, जागच्या जागी थरथरली तर दाब जास्त झालाय.

पुसून मोबाईलचा फ्लॅश तिरका धरा. जाळी गेली असेल तर तीच पद्धत पुढं न्या. अर्धीच गेली असेल तरी लगेच जाड कंपाउंडकडे धावू नका, फेरे दोन वाढवून बघा. ऐंशी टक्के ओरखडे गेले की थांबणारा माणूस शहाणा. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी लागणारे मायक्रॉन पुढच्या वेळी हवे असतात. आणि पॅडवर गाडीचा रंगच उतरायला लागला तर तिथंच थांबा. एकतर त्या पॅनेलवर क्लिअर कोट नाहीच, किंवा तो नुकताच संपलाय. आधी रंगवलेलं पॅनेल असेल तरी हीच सावधगिरी, कारण तिथं जाडीचा अंदाज बांधता येत नाही.

उन्हात हे काम करायचं नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा बॉनेटला हातही लावता येत नाही, मग कंपाउंड तर दोन फेऱ्यांत वाळून चिकटतं. डिसेंबर-जानेवारीतली सावलीतली सकाळ सगळ्यात चांगली. तोवर मळणीचा भुसाही बराच खाली बसलेला असतो. एक्स्टेन्शनची वायर जाड घ्या, खांद्यावरून मागे टाका म्हणजे ती रंगावर घासणार नाही. पाण्याची बादली लांब ठेवा, डोळ्यांवर गॉगल लावा. लाइट गेली तर मशीनचं बटण आधी बंद करा. अर्ध्या तासानं लाइट येते तेव्हा बॉनेटवर ठेवलेलं मशीन आपोआप सुरू होऊन खाली उडी मारतं.

काम झालं की पॅड साबणाच्या पाण्यात दाबून धुवा आणि सावलीत वाळवा. आणि तो डिकीतला पिवळा फडका टायर पुसायला काढून टाका.