कुलूप दुरुस्त झालं, किल्लीचं काय?

बँकेच्या संकेतस्थळावर तुम्ही पासवर्ड टाइप करता, तो वाटेत कुणाला वाचता येत नाही, कारण तो एन्क्रिप्ट होऊन जातो. या कामासाठी लिहिलेल्या तयार कोडच्या संचाला लायब्ररी म्हणतात. ओपनएसएसएल ही त्यातली खूप वापरली जाणारी.

डेबियन, उबंटू अशी लिनक्सची वितरणं ही लायब्ररी तुमच्यापर्यंत पोहोचवतात. मूळ कोड घेऊन तो वितरणाला जुळवणं, तपासणं आणि त्याचं पॅकेज बांधणं हे तिथल्या पॅकेज सांभाळणाऱ्याचं काम. अनेक प्रोग्राम तीच एक प्रत वापरतात. म्हणून एक दुरुस्ती सगळ्यांना मिळते, आणि एक चूकही सगळ्यांना भोवते.

२००६ साली डेबियनमध्ये तेच झालं. तपासणीचं एक साधन तक्रार करत होतं, की ओपनएसएसएल मेमरीतली अशी जागा वाचतं जिथे अजून काही लिहिलेलंच नाही. सांभाळणाऱ्याने ओपनएसएसएलच्या मंडळींना विचारलं आणि दोन ओळी बंद केल्या. त्यातली एक खरंच बिनमहत्त्वाची होती. पण दुसऱ्या ओळीतूनच किल्ली बनवताना लागणारी अनिश्चितता आत येत होती.

किल्ली सुरक्षित असते, कारण तिचा अंदाज बांधता येत नाही. आता बदलतं असं उरलं एकच, चालू प्रोग्रामला मिळणारा क्रमांक. लिनक्सवर तो तेव्हा सहसा ३२,७६८च्या आत असायचा. बॅगेच्या चार आकडी कुलपालाही १०,००० जुळण्या असतात. इथे त्याच्या तिपटीहून थोड्याच जास्त. संगणकाला त्या सगळ्या लावून पाहणं सहज जमतं.

डेबियनच्याच लुसियानो बेलो यांच्या हे लक्षात आलं, आणि १३ मे २००८ला ते जाहीर झालं. इथे लंडनमध्ये मुख्यालय असलेल्या कॅनॉनिकलचं उबंटू डेबियनवरच उभं, त्यामुळे त्यातही हाच दोष आला होता.

दुरुस्त पॅकेज लगेच आलं. पण त्याने आधी बनलेल्या किल्ल्या बदलत नाहीत. कुलूप नवं बसवलं तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असलेली जुनी किल्लीच त्यात चालत राहावी, तसं हे. म्हणून कमकुवत किल्ल्यांच्या याद्या दिल्या गेल्या, आणि लोकांना आपापल्या किल्ल्या नव्याने बनवाव्या लागल्या.

ओपनएसएसएलच्या संस्थापकांपैकी एक, ब्रिटिश प्रोग्रामर बेन लॉरी, यांनी तेव्हा वितरणांना सुनावलं: बदल स्वतःपाशी ठेवू नका, मूळ प्रकल्पाकडे पाठवा. तो कोड रोज हाताळणाऱ्यांना जे दिसतं, ते इतरांच्या नजरेतून सुटू शकतं.

तुम्ही लिनक्स वापरत असाल, तर सुरक्षेची अपडेट टाळू नका. आणि सोबतची सूचनाही वाचा. ‘किल्ल्या नव्याने बनवा’ असं तिथे लिहिलं असेल, तर ते काम आजच उरका.