हिशेबनिसांच्या हिशेबातून निसटणारा तास

पुणे, प्रतिनिधी

लेखापरीक्षण, करसल्ला आणि व्यवस्थापन सल्ला अशा सेवा देणाऱ्या बड्या संस्थांचे वार्षिक शाश्वतता अहवाल सहसा दोन भागांत विभागलेले असतात. पहिल्या भागात पृथ्वी असते. विमानप्रवास किती घटला, कार्यालयांत सौरऊर्जा किती आली, कार्बन उत्सर्जन कोणत्या वर्षापर्यंत शून्यावर येणार, याची माहिती तेथे मिळते. दुसऱ्या भागात माणसे असतात. योगवर्ग, समुपदेशनाची दूरध्वनी सेवा, आरोग्यविमा, ध्यानधारणेचे अ‍ॅप यांची छायाचित्रांसह नोंद तेथे केलेली असते. पहिल्या भागातील विधानांना बहुधा आकडा आणि आधारवर्ष जोडलेले असते. दुसऱ्या भागात मुख्यतः उपक्रमांची नावे असतात. या संस्थांतील माणसे आठवड्याला प्रत्यक्षात किती तास काम करतात, हा आकडा मात्र दोन्ही भागांत क्वचितच सापडतो. ज्या व्यवसायात तासातासाची नोंद ठेवूनच ग्राहकाला देयक पाठवले जाते, त्या व्यवसायाजवळ हा आकडा नसेल असे मानणे कठीण आहे.

पुण्याने हा प्रश्न २०२४ मध्ये फार जवळून पाहिला. ईवाय या जागतिक समूहाशी संलग्न असलेल्या लेखापरीक्षण संस्थेच्या पुणे कार्यालयातील २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचे जुलै २०२४ मध्ये निधन झाले. नोकरी लागून तिला जेमतेम चार महिने झाले होते. तिच्या आईने समूहाच्या भारतातील अध्यक्षांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये सार्वजनिक झाले. रात्री उशिरापर्यंत आणि सुट्टीच्या दिवशीही चालणारे काम, नवख्या मुलांवर टाकला जाणारा भार यांचे वर्णन त्यात होते. कामाच्या ताणाने हा मृत्यू ओढवला, हे अध्यक्षांनी मान्य केले नाही; अंत्यसंस्काराला संस्थेतर्फे कोणीही उपस्थित नव्हते, याबद्दल मात्र त्यांनी खेद व्यक्त केला. केंद्रीय श्रम मंत्रालयाने चौकशी जाहीर केली, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात राज्याच्या कामगार विभागाच्या अधिकाऱ्यांनी या कार्यालयाची पाहणी केली, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. २००७ पासून सुरू असलेल्या या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच झालेली नव्हती, असे अधिकाऱ्यांनी सांगितले.

एका व्यक्तीच्या बाबतीत कामाचे तास आणि मृत्यू यांतील कार्यकारणसंबंध सिद्ध करणे अवघड असते, आणि या घटनेबाबतही तसा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. लोकसमूहाच्या पातळीवर मात्र पुरावा बराच स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो; हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी. २०१६ या एका वर्षात जगभर ७ लाख ४५ हजार मृत्यू अशा दीर्घ कामाशी निगडित होते, असा त्यांचा अंदाज आहे.

तास हाच कच्चा माल

पोलादाच्या कारखान्यात खनिज लागते, तसे सल्लागार संस्थेत माणसांचे तास लागतात. प्रत्येक कर्मचारी ‘टाइमशीट’ भरतो. त्यातील किती तासांचे देयक ग्राहकाला लावता आले, यावरून त्याचे ‘युटिलायझेशन’ ठरते आणि बढतीच्या वेळी हा आकडा समोर येतो. लेखापरीक्षणात आणखी एक पेच असतो. तेथे शुल्क बहुधा आधीच ठरलेले असते. एखाद्या कंपनीच्या हिशेबतपासणीसाठी समजा ६०० तास गृहीत धरले आणि प्रत्यक्षात ८०० लागले, तर वरचे २०० तास ग्राहक देत नाही. ते संस्थेच्या नफ्यातून जातात, म्हणजेच त्या कामाच्या व्यवस्थापकाच्या कामगिरीतून वजा होतात. अशा वेळी कनिष्ठ कर्मचाऱ्याने काही तास लिहायचेच नाहीत, हा सोपा मार्ग उरतो. वरून लेखी आदेश येण्याची गरज नसते. वातावरण पुरेसे असते. लेखापरीक्षण क्षेत्रावरील संशोधनात तास कमी दाखवण्याचा हा प्रकार कित्येक दशकांपासून नोंदलेला आहे. त्यामुळे ‘टाइमशीट’मध्ये दिसणारा थकवा हा खऱ्या थकव्यापेक्षा कमीच असतो.

त्यात भर पडते ती दिनदर्शिकेची. सूचिबद्ध कंपन्यांना तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात. मार्चअखेर हे बहुतेक सर्व कंपन्यांचे एकच वर्षअखेर असल्याने एप्रिल आणि मे महिन्यांत सगळ्यांचे काम एकदम येते. पाठोपाठ ऑगस्टच्या मध्यापर्यंत पहिली तिमाही, आणि सप्टेंबरअखेर करविषयक लेखापरीक्षण व वार्षिक सर्वसाधारण सभा. इंग्रजीत याला ‘बिझी सीझन’ म्हणतात. भारतात हा हंगाम जवळजवळ अर्धे वर्ष चालतो, तेव्हा त्याला हंगाम म्हणणे हीच थोडी अतिशयोक्ती आहे.

विमान थांबले, दिवस लांबला

पर्यावरणाच्या बाजूने या संस्थांनी बरेच केले, हे मान्य करायला हवे. त्यांना धुराडी नाहीत. जागतिक स्तरावर वापरल्या जाणाऱ्या हरितगृह वायू नोंदपद्धतीनुसार उत्सर्जनाचे तीन गट पडतात. पहिला स्वतः जाळलेल्या इंधनाचा, म्हणजे येथे मुख्यतः जनरेटरच्या डिझेलचा. दुसरा विकत घेतलेल्या विजेचा. तिसरा बाकी साऱ्याचा. त्यात कामानिमित्तचा प्रवास, कर्मचाऱ्यांचे रोजचे येणे-जाणे आणि बाहेरून घेतलेल्या वस्तू व सेवा येतात. सल्लागार संस्थांचे पारडे या तिसऱ्या गटाकडे झुकलेले असते. पीडब्ल्यूसी आणि केपीएमजी यांनी २०२० मध्ये २०३० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. डेलॉइटने प्रतिकर्मचारी प्रवासाचे उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे ठरवले. ईवायने आपल्या प्रवासातील उत्सर्जनासाठी २०२५ पर्यंत ३५ टक्के घटीचे उद्दिष्ट ठेवले. करोनाने हे काम काही आठवड्यांत करून दाखवले. सोमवारी पहाटेचे विमान पकडून शुक्रवारी रात्री परतणारा सल्लागार घरी बसला आणि ग्राहकांचे काम तरीही अडले नाही.

प्रवास कमी होणे कर्मचाऱ्यालाही हितकारक असते. शाश्वतता आणि कर्मचारी कल्याण यांची नैसर्गिक गाठ पडते ती इथेच. मात्र वाचलेला वेळ घरच्यांच्या वाट्याला आपोआप येत नाही. प्रवासात दोन तास फोन बंद असे. दृक्‌श्राव्य बैठकीला विमानतळ लागत नाही, तिला मध्यांतरही लागत नाही. लंडनची दुपार आणि न्यूयॉर्कची सकाळ पुण्याच्या संध्याकाळी आणि रात्री येते. कार्यालयाची वीज वाचली ती घरच्या मीटरवर चढली. घरून काम करताना होणारे हे उत्सर्जन मोजणे नोंदपद्धतीत ऐच्छिक आहे.

उलट, कार्यालयात बसून उशीर होतो तेव्हा तोच तास दोन्ही खात्यांत खर्ची पडतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मध्यवर्ती वातानुकूलन असलेल्या मजल्यावर रात्री वीसच माणसे उरली, तरी बहुतेक जुन्या इमारतींत थंडावा आणि दिवे सबंध मजल्याला पुरवावे लागतात. हा भार ५० किलोवॉट धरला, तर तीन तासांत १५० युनिट वीज लागते. भारतीय वीजजाळ्यातील एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे त्या तीन तासांचे उत्सर्जन सुमारे १०५ किलो झाले. मुंबई-दिल्ली विमानात एका प्रवाशाच्या वाट्याला एका फेरीत येणारे उत्सर्जनही शंभर किलोच्या आसपास असते. विमानाचे तिकीट काढायला आता भागीदाराची मंजुरी लागते. मजला रात्री अकरापर्यंत चालू ठेवायला कोणाचीही लागत नाही.

विचारले काय जाते?

‘सेबी’ने २०२१ मध्ये सूचिबद्ध कंपन्यांसाठी ‘व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल’ आणला. ‘बीआरएसआर’ या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना तो बंधनकारक झाला. त्यातील तिसरे तत्त्व कर्मचाऱ्यांच्या कल्याणाचे आहे. आरोग्यविमा, अपघातविमा, मातृत्व व पितृत्व रजा आणि पाळणाघर यांचा लाभ किती टक्के कर्मचाऱ्यांना मिळतो, अपत्यजन्मानंतरच्या रजेवरून किती जण परतले, कामाच्या परिस्थितीबद्दल किती तक्रारी आल्या, हे त्यात द्यावे लागते. कल्याणावरील खर्च उत्पन्नाच्या किती टक्के, हेही विचारले जाते. सरासरी किंवा कमाल कामाचे तास विचारले जात नाहीत.

गंमत अशी, की तास या अहवालात येतात, पण छेदस्थानी. दर दहा लाख मनुष्य-तासांमागे काम बुडविणाऱ्या किती दुखापती झाल्या, असे एक गुणोत्तर त्यात आहे. कारखान्यासाठी ते अर्थपूर्ण ठरते. कार्यालयात कोणाचे बोट यंत्रात सापडत नाही. तेथे माणसे जितके जास्त तास काम करतील तितका छेद मोठा होतो आणि संस्था कागदावर तितकी अधिक सुरक्षित दिसते.

आणि हे झाले सूचिबद्ध कंपन्यांपुरते. माहिती तंत्रज्ञानातील मोठ्या कंपन्या त्यात मोडतात. बड्या लेखापरीक्षण संस्था मात्र भागीदारी किंवा मर्यादित दायित्व भागीदारी स्वरूपाच्या असतात; त्यांना ‘बीआरएसआर’ लागू नाही. ब्रिटनने २०२२ पासून ५०० हून अधिक कर्मचारी आणि ५० कोटी पौंडांहून अधिक उलाढाल असलेल्या अशा भागीदारी संस्थांना हवामानविषयक माहिती देणे सक्तीचे केले. तिथेही प्रश्न हवामानाचा आहे, तासांचा नाही.

राहिला कायदा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, त्यावरील कामाला दुप्पट वेतन आणि तिमाहीत जादा कामाला १२५ तासांची मर्यादा ठरवलेली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांसाठी दिवसाची मर्यादा दहा तास आणि जादा कामाची १४४ तास करण्यास मंजुरी दिली. जादा कामाला कर्मचाऱ्याची लेखी संमती हवी, अशी अट त्यात आहे. परंतु गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या स्वरूपाच्या पदांना हा अधिनियम लागू नाही. सल्लागार संस्थांत काही वर्षांतच पदनामात ‘मॅनेजर’ हा शब्द येतो, मग हाताखाली माणसे दोन असोत वा एकही नसो. पद खरोखर व्यवस्थापकीय आहे का, हा वाद कर्मचाऱ्याने घालायचा. नोकरीत असताना तो घालणारे विरळाच.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तशा आशयाचे खासगी विधेयक २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये मांडले. १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचे कायद्यात रूपांतर झालेले नाही.

योगवर्गाने काय साधते?

ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक विल्यम फ्लेमिंग यांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीवरून त्यांनी तुलना केली. ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, ध्यानाची अ‍ॅप अशा व्यक्तिगत उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. स्वयंसेवी सामाजिक काम हा एक अपवाद होता. रोपे लावायला जाणारा चमू एखादे टेकाड हिरवे करो न करो, परतताना थोडा बरा असतो, असे त्यावरून म्हणता येईल. एका वेळच्या पाहणीवर आधारलेला असल्याने या अभ्यासाला मर्यादा आहेत. तरीही उपचार माणसावर करायचा की कामाच्या मांडणीवर, हा त्याचा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

कामाच्या मांडणीला हात घालणारे प्रयत्न थोडे आहेत. पीडब्ल्यूसीच्या ब्रिटनमधील शाखेने २०२१ मध्ये उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारीच काम संपवण्याची पद्धत सुरू केली. सगळे एकदम थांबतात, त्यामुळे थांबणाऱ्याला अपराधी वाटत नाही. यातले मर्म हेच. २०२५ मध्ये इन्फोसिसने घरून काम करताना ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक तास भरणाऱ्यांना सावधगिरीची ई-पत्रे पाठविण्यास सुरुवात केल्याचे वृत्त आले. याच कंपनीचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे २०२३ मध्ये सुचवले होते, याची आठवण तेव्हा अनेकांना झाली. ही पत्रे किती उपयोगी पडली हा भाग वेगळा; संगणकाला तास मोजता येतात, एवढे त्यातून दिसले.

सल्लागार संस्थांपुढे आता एक नवे कामही येऊन पडले आहे. ‘बीआरएसआर’मधील गाभ्याच्या निकषांची बाहेरच्या संस्थेकडून पडताळणी २०२३-२४ मध्ये पहिल्या १५० कंपन्यांपासून सुरू झाली, २०२६-२७ या आर्थिक वर्षासाठी तिची व्याप्ती पहिल्या १,००० कंपन्यांपर्यंत ठरलेली आहे. पडताळणी करणाऱ्यांत बड्या लेखापरीक्षण संस्था अर्थातच पुढे आहेत. हा अहवाल वार्षिक अहवालासोबत द्यायचा असल्याने हे कामही एप्रिल ते सप्टेंबर याच महिन्यांत येते.