सहलीचा दिवस आणि तिकिटाचा भाव

सुटी जवळ आली की मुलांचा लकडा सुरू होतो. पूर्वी त्यात गड, लेणी वा समुद्रकिनारा यांची नावे असत. आता थीम पार्कचे नाव असते. एखाद्या कल्पनेभोवती रचलेले हे मनोरंजन-उद्यान. खोपोलीजवळचे, २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका हे त्याचे मराठी कुटुंबांच्या परिचयाचे उदाहरण होय. मुलांना तेथे स्वर्ग दिसतो आणि वडिलांना खर्चाचा आकडा. हा आकडा कमी करण्याचा उपाय बहुतेक जण सवलतीच्या जाहिरातींत शोधतात. वस्तुतः तो बराचसा दिनदर्शिकेत सापडतो.

याचे कारण या उद्यानांच्या व्यवहारात आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५ साली उघडले, तेव्हा प्रवेशाचे पैसे निराळे आणि प्रत्येक खेळाचे निराळे असत. लवकरच तिकिटांची पुस्तके निघाली. ज्याला जो खेळ हवा त्याने त्याचे तिकीट फाडून द्यावे. १९८२ मध्ये ही पद्धत संपली आणि एका प्रवेशमूल्यात सारे खेळ आले. पण खेळ फुकट झाले म्हणजे रांगा वाढणारच. खरी दुर्मीळ वस्तू आता खेळ नसून वेळ आहे, हे चालकांनीही ओळखले. २०१६ साली तेथे एका दिवसाच्या तिकिटाचे ९५, १०५ आणि ११९ डॉलर असे तीन भाव झाले. स्वस्त भाव ओस दिवसाचा, महाग भाव गर्दीच्या दिवसाचा. आपल्याकडील उद्यानांतही शनिवार-रविवार व सुट्ट्यांचे दर आणि इतर वारांचे दर यांत अंतर आढळते. सारांश असा, की ग्राहक विकत घेतो तो दिवस. महाग दिवशी गेलेले कुटुंब अधिक पैसे भरते आणि चार-दोनच खेळ पाहून परतते. त्याचे नुकसान दुहेरी होते.

आता नागपूरच्या एका कुटुंबाची कल्पना करावी: आईवडील, आजी आणि दोन मुले. खोपोलीची गर्दी नागपूरच्या शाळांवर नव्हे, तर मुंबई-पुण्याच्या शाळांवर ठरते. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मधल्या दिवसांत मुंबई-पुण्याची मुले वर्गात असतात आणि नागपूरची घरी. मंगळवार-बुधवार साधला तर याहून चांगली संधी नाही. मात्र तेव्हा घाटाच्या पायथ्याशी पाऊस सुरू झालेला असतो, आणि मुसळधार सरींत उघड्यावरचे खेळ थांबवावे लागतात. पावसामुळे खेळ बंद राहिल्यास पैसे वा दुसरा दिवस मिळतो काय, हे तिकीट काढण्यापूर्वीच विचारावे. इंदूर, हैदराबाद वा बेळगाव येथील कुटुंबांनीही आपल्या शाळांच्या सुट्ट्या मुंबई-पुण्याच्या सुट्ट्यांशी अशाच ताडून पाहाव्यात.

दिवस ठरला की आधी रेल्वे, मग उद्यान. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी मिळते. शायिका संपतात, उद्यानाची तिकिटे त्या मानाने क्वचितच. येथे एक मौज लक्षात ठेवण्याजोगी आहे. रेल्वे मुलाचे वय विचारते. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला शायिका हवी असेल तर पूर्ण भाडे पडते. उद्यानाच्या दारात पुष्कळदा उंची मोजली जाते, आणि आत गेल्यावर प्रत्येक खेळापाशी पुन्हा मोजली जाते. धाकट्याची उंची दोन बोटे कमी पडली, तर ज्या गाडीसाठी तो रात्रभर झोपला नव्हता तिच्या दारातून तो परत फिरतो. कोणतीही सवलत हे दुःख भरून काढीत नाही. तेव्हा घरीच दाराच्या चौकटीला उभे करून मोजावे आणि उद्यानाचे नियम वाचावेत. खेळ न खेळणाऱ्या आजीलाही तिकीट लागतेच; ज्येष्ठांसाठी निराळा दर आहे का, हे पाहिल्यावाचून पाच तिकिटे एकदम काढू नयेत.

निवास, न्याहारी व प्रवेश मिळून एकरकमी योजनांना भुलू नये, आणि त्या नाकारूही नयेत. प्रत्येक बाबीची किंमत निराळी काढून बेरीज करावी. योजना स्वस्त ठरली तर घ्यावी. दर्शविलेल्या किमतीत कर धरला आहे काय, हेही पाहावे. २०१७ साली या प्रवेशमूल्यावर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता, जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्के झाला; पाच तिकिटांवर ही रक्कम एका जेवणाइतकी सहज होते.

अर्ध्या किमतीची तिकिटे देऊ करणारा अनोळखी संदेश फोनवर आला, तर उद्यानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा दर ताडून पाहिल्याखेरीज पैसे पाठवू नयेत. फसगत झालीच तर संकोच न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता अधिक.