पाच किलोमीटर उंचीवरचं शून्य

दुबईच्या मोहम्मद बिन राशिद अंतराळ केंद्रात घडलेला ‘राशिद’ रोव्हर जेमतेम १० किलोचा. डिसेंबर २०२२ मध्ये तो चंद्राकडे निघाला. त्याला खाली उतरवायचं काम जपानच्या आयस्पेस कंपनीच्या हाकुतो-आर लँडरकडे होतं. २५ एप्रिल २०२३ च्या रात्री अ‍ॅटलस विवराकडे लँडर उतरू लागला आणि टेकायच्या सुमारास संपर्क तुटला.

यान गेलं, पण त्याने शेवटपर्यंत धाडलेली टेलिमेट्री हाती होती. तिच्यावरून महिन्याभरात निदान झालं. विवराच्या कड्यावरून जाताना खालची जमीन एकदम सुमारे ३ किलोमीटर खोल गेली. सेन्सरने उंची वाढल्याचं बरोबर कळवलं. सॉफ्टवेअरचा अंदाज मात्र वेगळा होता, आणि तफावत फार वाटली तर सेन्सर बिघडला असं धरून त्याचे आकडे गाळायचे, असं त्यात लिहिलेलं होतं. त्याने ते गाळले. लँडरच्या हिशेबी उंची शून्य झाली तेव्हा जमीन सुमारे ५ किलोमीटर खाली होती. तो टेकायच्या तयारीने हळूहळू उतरत राहिला, तोवर इंधन संपलं. चंद्रावर तेवढ्या उंचीवरून कोसळायला सव्वा मिनिटाहून थोडाच जास्त वेळ लागतो.

ही गाळणी ठेवणं मला चूक वाटत नाही. सेन्सर खरोखर बिघडला असता, तर तिनेच यान वाचवलं असतं. उणीव राहिली चाचणीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये आराखड्याचा मुख्य आढावा पूर्ण झाला आणि त्यानंतर उतरायची जागा बदलली. संगणकावर लँडिंग अनेकदा करून पाहिलं होतं, पण नव्या वाटेवरचे चढउतार त्यात पुरेसे आलेच नाहीत. पुण्या-हिंजवडीतला कुठलाही सॉफ्टवेअर टेस्टर सांगेल, रिक्वायरमेंट बदलली की जुन्या टेस्ट केस पास झाल्या म्हणून भागत नाही; नव्या लिहून रिग्रेशन पुन्हा चालवावं लागतं. रिलीजची तारीख जवळ आली की कात्री मात्र तिथेच लागते, याचा मला राग येतो.

२०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम लँडर गमावल्यावर इस्रोने चांद्रयान-३ ची आखणीच काय काय बिघडू शकतं इथून सुरू केली. उतरायला आधी ५०० मीटर लांबी-रुंदीचा तुकडा होता, तो ४ बाय २.४ किलोमीटरचा केला. सेन्सर दगा देतील, इंजिनं बंद पडतील, हे धरून पुन्हा पुन्हा तपासणी झाली. २३ ऑगस्ट २०२३ ला ते यान उतरलं. राशिद कोसळल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुबईने राशिद-२ ची घोषणा केली होती. त्याला नेणाऱ्या लँडरची तालीम कुठल्या जमिनीवर होते, हे मला रॉकेटपेक्षा मोलाचं वाटतं.