एका मेजावर दोन संगणक

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा भारतीय बनावटीचा संगणक कामास लागला. निर्वात नलिकांवर चालणारे ते यंत्र कपाटांच्या रांगेएवढे होते. आणि यंत्र एक व त्याचा उपयोग करू इच्छिणारे अनेक, अशी त्या काळची स्थिती होती. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६१ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या अडचणीवरील एक उपाय प्रत्यक्ष करून दाखविला. संगणकाचा वेळ बारीक तुकड्यांत वाटून तो अनेकांना आळीपाळीने द्यावयाचा. आणि ही वाटणी इतक्या त्वरेने करावयाची की, यंत्र आपल्या एकट्याच्याच सेवेस आहे असे प्रत्येकास वाटावे.

आज पुष्कळ घरांत हीच अडचण उलटी होऊन उभी आहे. यंत्रे दोन आणि माणूस एक. २०२० साली कोविडच्या साथीमुळे कचेरीचे काम घरी आले, व त्याबरोबर कचेरीचा लॅपटॉपही आला. मुलांचा अभ्यास, हिशेब, छायाचित्रे ह्यांसाठी घेतलेला डेस्कटॉप घरी आधीपासून होताच. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात दुसरे टेबल मांडावयास जागा कोठली? तेव्हा पडदा एक, कळफलक एक, माऊस एक आणि त्यांच्यामागे संगणक मात्र दोन, अशी सोय करता येते काय, हा प्रश्न अनेकांपुढे येतो. सोय करता येते. परंतु ती करताना तारांमधून नेमके काय वाहते हे ठाऊक नसेल, तर पैसे खर्चूनही मनःस्ताप पदरी पडतो.

लॅपटॉपला स्वतःचा पडदा व स्वतःचा कळफलक असताना ही उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लॅपटॉपच्या बिजागरीत आहे. बसून काम करणाऱ्याच्या पडद्याची वरची कडा साधारणतः डोळ्यांच्या पातळीस किंवा किंचित खाली असावी, आणि कळफलक कोपर सुमारे काटकोनात राहील इतक्या खाली असावा. लॅपटॉपमध्ये ही दोन्ही अंगे एकमेकांना जखडलेली असतात. तो टेबलावर ठेवला की मान वाकते; पुस्तकांच्या चळतीवर चढविला की खांदे उचलावे लागतात. प्रवासात तासाभरासाठी हे चालते. रोज आठ तास चालत नाही. म्हणून घरात एखादा चांगला पडदा व वेगळा कळफलक असेल, तर त्याचा लाभ दोन्ही यंत्रांना मिळावा ही अपेक्षा अवास्तव नव्हे.

आता तारांकडे वळू. पडदा आणि कळफलक ह्या दोहोंच्या तारा बाहेरून सारख्याच दिसतात; परंतु त्यांतील वाहतुकीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सर्वसाधारण पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे एकूण २०,७३,६०० चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यास २४ बिट लागतात, आणि सबंध चित्र सेकंदास ६० वेळा नव्याने रेखाटावे लागते. हा गुणाकार केला असता दर सेकंदास सुमारे ३ अब्ज बिट इतका प्रवाह संगणकाकडून पडद्याकडे अखंड धावत असतो, असे दिसून येते. पडद्यावर काहीही हालत नसले तरीही तो सहसा थांबत नाही. उलट कळफलकाचा एक साधा संदेश अवघा ८ बाइटांचा असतो. संगणकाने सेकंदास १२५ वेळा कळफलकाची विचारपूस केली आणि दर वेळी त्याला उत्तर मिळाले असे मानले, तरी तो प्रवाह ८,००० बिटांपलीकडे जात नाही. चित्राचा प्रवाह ह्याच्या सुमारे पावणेचार लाख पट होतो! कितीही वेगाने टंकलेखन केले तरी माणूस ह्या तारेचा अल्पसा अंशही भरू शकणार नाही.

ह्या एका हिशेबावरून पुढील पुष्कळशा गोष्टी उलगडतात. कळफलक व माऊस ह्यांची वाटणी करणे स्वस्त आणि सोपे असते. चित्राची वाटणी महाग आणि नाजूक असते. म्हणून चित्राची वाटणी जेथे आयती मिळते तेथे ती तशीच घेणे शहाणपणाचे. बहुतेक पडद्यांच्या पाठीस चित्र घेण्याची दोन किंवा अधिक पोर्टे असतात. एकात डेस्कटॉपची तार, दुसऱ्यात लॅपटॉपची तार लावावी, आणि पडद्याच्या कडेवरील बटण दाबून हवे ते चित्र निवडावे. मग उरतो तो कळफलक व माऊस. त्यांच्यासाठी एक बटण आणि दोन यूएसबी तारा असलेली छोटीशी डबी बाजारात मिळते. दोन बटणे दाबावी लागतात एवढीच काय ती गैरसोय. काही बिनतारी कळफलक तर दोन-तीन संगणकांची ओळख लक्षात ठेवतात, आणि एक कळ दाबताच एकाकडून दुसऱ्याकडे वळतात. तेथे डबीचेही कारण उरत नाही.

दोन बटणांऐवजी एकच असावे ह्या इच्छेतून केव्हीएम स्विच ह्या उपकरणाकडे लक्ष जाते. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस ह्या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. मोठ्या संस्थांच्या यंत्रदालनांत दहा-वीस संगणक एकावर एक रचलेले असत, आणि त्यांवर देखरेख करणाऱ्यास प्रत्येकापुढे वेगळा पडदा मांडणे परवडत नसे. तेथून हे उपकरण घरात आले. तेथील कामगिरी साधी होती. काही क्षण पाहावयाचे आणि पुढच्या यंत्राकडे जावयाचे. घरात मात्र त्याच्याकडून दिवसभर निर्दोष चित्राची अपेक्षा केली जाते, आणि येथेच स्वस्त स्विच उघडे पडतात.

पहिले वैगुण्य वेगाचे. पडदा ३८४० × २१६० चित्रबिंदूंचा, म्हणजे लोक ज्याला ‘फोर-के’ म्हणतात तसा असेल, तर चित्राचा प्रवाह सेकंदास सुमारे १२ अब्ज बिट होतो. एचडीएमआय ह्या जोडणीची २००९ सालची १.४ ही आवृत्ती १०.२ अब्जांपलीकडे जाऊ शकत नाही. २०१३ सालच्या २.० ह्या आवृत्तीत ती मर्यादा १८ अब्ज झाली. स्विच जुन्या आवृत्तीचा असेल तर चित्र दिसते खरे, परंतु सेकंदास ६० ऐवजी ३० वेळाच. आणि माऊसचा बाण पडद्यावर अडखळत चालतो. डबीवर ‘फोर-के’ असे ठळक छापलेले असते, आणि ते खोटेही नसते. सेकंदास किती वेळा, हे बारीक अक्षरांत शोधावे लागते.

दुसरे वैगुण्य अधिक चमत्कारिक आहे. पडदा संगणकाला जोडताक्षणी त्या दोहोंत एक संवाद घडतो. प्रत्येक पडद्यात एक लहानशी स्मृती-चिप असते, व तिच्यात त्या पडद्याची ओळख लिहिलेली असते: निर्माता कोण, बांधणीचे वर्ष कोणते, लांबी-रुंदी किती सेंटिमीटर, किती चित्रबिंदू व कोणत्या वेगाने दाखविता येतील. ही ओळखपत्रिका ‘एडिड’ ह्या नावाने ओळखली जाते. ‘व्हेसा’ ह्या संघटनेने तिचा नमुना १९९४ साली ठरविला, आणि तिचा मूळ भाग अवघ्या १२८ बाइटांचा आहे. संगणक ती वाचतो आणि त्यानुसार चित्राची आखणी करतो.

स्विचचे बटण दाबले की, ज्या संगणकाकडे पाठ फिरविली त्याच्या दृष्टीने पडदा नाहीसाच होतो. तो बिचारा आपल्या कर्तव्यास जागून सर्व खिडक्या उरलेल्या पडद्यावर, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्या लहान पडद्यावर, दाटीवाटीने गोळा करतो. परत आल्यावर सगळा पसारा पुन्हा लावावा लागतो. दिवसातून वीस वेळा असे झाले म्हणजे मनुष्य स्विच काढून फेकण्याच्या बेतास येतो, आणि दोष मात्र संगणकाला देतो. चांगल्या स्विचमध्ये ह्यावर तोड असते. पडद्याची ओळखपत्रिका तो स्वतःजवळ उतरवून घेतो, आणि पाठमोऱ्या संगणकालाही ती दाखवीत राहतो. त्यामुळे पडदा गेला असे त्याला वाटतच नाही. दोन स्विचांच्या किमतींतील मोठा फरक पुष्कळदा ह्या एका युक्तीचा असतो.

कळफलकाच्या बाबतीतही असेच ओळखीचे प्रकरण आहे, फक्त लहान. यूएसबी तारेवर नवे उपकरण आले की संगणक त्याला ‘तू कोण’ असे विचारतो, १ ते १२७ ह्यांपैकी एक क्रमांक देतो, आणि मग कामास लावतो. बटण दाबल्यावर कळफलक एक-दोन सेकंद मुका राहतो तो ह्याच कारणाने. येथेही महाग स्विच दोन्ही संगणकांपुढे कायमचा एक बनावट कळफलक उभा करून वेळ वाचवितात. मात्र आवाज कमी-जास्त करण्यासारख्या काही खास कळा त्यामुळे चालेनाशा होतात.

स्विचवर पेनड्राइव्ह लावण्यासाठी पोर्ट असते, तेथे मात्र सावध राहावे. संगणक माहिती लिहिण्याचे काम पुष्कळदा थोडे मागाहून पुरे करतो. पडद्यावर ‘झाले’ असे दिसले तरी शेवटचा भाग लिहावयाचा राहिलेला असू शकतो. अशा क्षणी बटण दाबणे म्हणजे पेनड्राइव्ह हिसकावून घेणेच होय, आणि त्यात फाइल बिघडते. शिवाय एका यंत्रातील विषाणू दुसऱ्यात जाण्यास हा उत्तम राजमार्ग आहे. एक यंत्र कचेरीच्या मालकीचे असेल, तर पेनड्राइव्ह स्विचवर न लावता थेट हव्या त्या संगणकात लावावा.

२०१४ साली यूएसबीचा ‘टाइप-सी’ हा नवा आकार प्रसिद्ध झाला, आणि ह्या सर्व खटाटोपाचे रूप पालटले. २४ पिनांचा हा लहानसा लंबगोल तुकडा उलटसुलट कसाही बसतो, आणि चित्र, माहिती व वीज तिन्ही एकाच तारेतून नेतो. पाठीस टाइप-सी असलेल्या पडद्याला लॅपटॉप एका तारेने जोडला की चित्र दिसते, पडद्यावरील कळफलक चालू लागतो आणि बॅटरीही भरू लागते. डेस्कटॉप त्याच पडद्याला नेहमीच्या दोन तारांनी, एक चित्राची व एक यूएसबीची, जोडावा. चित्र बदलताच कळफलकही त्याबरोबर बदलण्याची सोय अशा पुष्कळ पडद्यांत असते, आणि वेगळा स्विच लागत नाही. नवा पडदा घ्यावयाचाच असेल तर आज ह्याहून सुटसुटीत मांडणी नाही.

तथापि ह्या आकाराने एक नवा घोटाळाही आणला आहे. टाइप-सी हे केवळ तोंडाच्या आकाराचे नाव आहे. आत काय आहे ते त्यावरून कळत नाही. भ्रमणध्वनीबरोबर आलेली तार आणि चित्र नेणारी तार शेजारी ठेवली तर डोळ्यांना भेद दिसत नाही, परंतु पहिलीने पडदा काळाच राहतो. लॅपटॉपच्या पोर्टातूनही चित्र बाहेर पडतेच असे नाही. आणि पडते तेथेही जागा मोजकी आहे: वेगवान वाहतुकीसाठी तारेत चार मार्गिका असतात. चारही चित्राला दिल्या तर माहितीसाठी सेकंदास ४८ कोटी बिटांची यूएसबी २.० ची जुनी पायवाटच उरते. मग पडद्याला जोडलेली हार्ड डिस्क एकाएकी का मंदावली, ह्याचा उलगडा होत नाही.

तारा अजिबात नकोत अशांसाठी आज्ञावलीचा मार्ग आहे. २००१ साली आलेली ‘सिनर्जी’ आणि तिच्यानंतरच्या तशा आज्ञावली ह्यांत दोन्ही संगणकांचे पडदे शेजारी शेजारी ठेवतात. माऊसचा बाण एका पडद्याच्या कडेवरून निघून दुसऱ्यावर जातो, आणि कळा घरच्या नेटवर्कमधून तिकडे पोहोचतात. पडदे दोन असतील तर ही पद्धत फार सुखाची आहे. परंतु दाबलेली प्रत्येक कळ, म्हणजे प्रत्येक परवलीचा शब्दही, तेथे हवेतून प्रवास करतो. तो सांकेतिक रूपात जातो किंवा नाही हे पाहिल्याशिवाय ही सोय स्वीकारू नये; आणि कचेरीच्या लॅपटॉपवर अशी आज्ञावली चढविण्यापूर्वी कचेरीची परवानगी घ्यावी.

राहता राहिली वीज. जेथे ती वारंवार जाते तेथे डेस्कटॉपला यूपीएस असतो, परंतु पडद्याची पिन पुष्कळदा भिंतीतच राहिलेली आढळते. वीज गेली की डेस्कटॉप चालू, पडदा अंध, आणि पडद्यातूनच वीज घेणारा कळफलकही निर्जीव, अशी विचित्र अवस्था होते. पडदा व स्विच दोन्ही यूपीएसवरच असावेत. परंतु पडदा टाइप-सी तारेने लॅपटॉपलाही वीज पुरवीत असेल, तर ६० वॉट किंवा त्याहून अधिक जादा भार त्याच यूपीएसवर पडतो, आणि दहा मिनिटे पुरणारा साठा पाच-सहा मिनिटांत आटोपतो. अशा वेळी प्रथम लॅपटॉपची तार काढून घ्यावी. त्याच्याजवळ स्वतःची बॅटरी आहे. डेस्कटॉपला आपल्या फाइली जतन करून बंद होण्यास तेवढीच मिनिटे मिळावयाची असतात.